दोन गाण्यांमधली जागा

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे, त्या घराच्या तळघरात बुटांच्या एका खोक्यात तेवीस कॅसेटी होत्या. २००४ च्या हिवाळ्यात घरमालकांनी तो खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारले, हे सगळे संगणकात घालता येईल का? तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास असावे. विशीत असताना ते एका छापखान्यात रात्रपाळी करीत आणि सुटीच्या रात्री मॅनहॅटनमधल्या बॉवरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या क्लबात जात. जाताना खांद्यावरच्या पिशवीत एक टेपरेकॉर्डर असे. खोक्यातल्या कॅसेटी १९७६ ते १९७८ या काळातल्या होत्या. अर्थात हे त्यांच्या स्मरणाच्या आधारे. कॅसेटींवर बँडची नावे पेन्सिलीने लिहिलेली होती, तारखा जवळजवळ नव्हत्याच. एकीवर नुसते 'मंगळवार' असे लिहिले होते.

पंक संगीताशी माझा तोवर काडीचाही संबंध आलेला नव्हता. माझे कान तयार झाले होते ते पुण्यात, मामांच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर. मामांपाशी घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणे होती आणि रविवारी सकाळी ती आम्हांला ऐकवली जात. शिवाय मी हस्तलिखितांतील पाठभेदांवर प्रबंध लिहीत होते. तेव्हा जुन्या गोष्टी जपण्याचे शास्त्र आपल्याला अवगत आहे, असा एक समजही माझ्या ठायी होता. पुढे जे घडले ते याच समजाच्या छायेत घडले, म्हणून तो आधी नमूद केला.

सीबीजीबीविषयी थोडे सांगायला हवे. हिली क्रिस्टल यांनी हा क्लब डिसेंबर १९७३ मध्ये सुरू केला. नावातली आद्याक्षरे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांची. प्रत्यक्षात तिथे नांदले ते मात्र निराळेच संगीत. ऑगस्ट १९७४ मध्ये रमोन्स तिथे पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स ही मंडळी त्याच अरुंद, बोळासारख्या लांबट जागेतून पुढे आली. त्यांच्या तबकड्या निघाल्या, त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले. पण याच मंचावर असे कितीतरी बँड वाजवून गेले की ज्यांची एकही तबकडी निघाली नाही. ते होते याचा पुरावा म्हणजे एखादे भित्तिपत्रक, कुणाची तरी आठवण आणि फार भाग्य असेल तर कुणा श्रोत्याने पिशवीतून केलेली एक कॅसेट. त्या खोक्याचे मोल यात होते, आणि ते मला मुळीच ठाऊक नव्हते.

त्या काळातला हातात धरण्याजोगा टेपरेकॉर्डर कसा ऐकतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकते. मायक्रोफोन यंत्रातच बसवलेला किंवा वायरने जोडलेला, साधासुधा. आणि बहुतेक यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी एक योजना असे: आवाज वाढला की यंत्र आपले कान मिटून घेई, शांतता झाली की ते टवकारी. घरगुती बोलण्यासाठी केलेली ही सोय क्लबात विलक्षण परिणाम घडवी. गिटार आणि ढोल कडाडू लागले की सगळे संगीत दबून, चेपून, एखाद्या भिंतीपलीकडून आल्यासारखे मुद्रित होई; आणि गाणे संपताच, एक-दोन सेकंदांत, जवळच्या माणसांचे बोलणे हळूहळू फुगत पुढे येई. ग्लासांची किणकिण, खुर्ची सरकवल्याचा आवाज, कुणाचे खोकणे, कुणाचा विनोद. संगीतापेक्षा संभाषण स्पष्ट, असा हा उलटा न्याय.

मला तो दोष वाटला. दोन आठवडे संध्याकाळी बसून मी बावीस कॅसेटी संगणकात उतरवल्या. तेविसावीतली फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा निखळला होता, म्हणून ती बाजूला ठेवली. संगणकात जागा थोडी होती, उत्साह पुष्कळ होता. मी दोन गाण्यांमधले सगळे बोलणे कापून टाकले. फितीची सरसर आणि विजेची घरघर एका सॉफ्टवेअरने पुसून काढली. उरलेली गाणी एमपी३ करून, क्रमांक देऊन, सीडींवर घालून घरमालकांना दिली. कापताना एक आवाज वारंवार समोर येई, एवढे आठवते. यंत्राच्या अगदी जवळ उभा असलेला कुणी तरुण जवळपास प्रत्येक गाण्यानंतर म्हणे, अजून एक ऐकू आणि मग घरी जाऊ. दर वेळी तो म्हणे आणि दर वेळी मी ते कापी.

सीडी देताना मी एक वाक्य बोलले. 'आता या कॅसेटींची तशी गरज नाही.'

२००६ च्या शरदात त्यांनी ते घर विकले. योगायोग असा की त्याच ऑक्टोबरात, १५ तारखेला, पॅटी स्मिथ यांच्या कार्यक्रमानंतर सीबीजीबीही कायमचा बंद झाला. घर आवरताना त्यांनी तो खोका कचऱ्यात टाकला. माझ्या वाक्यावर विश्वास ठेवून टाकला. नव्या घरी स्थिरावल्यावर त्यांनी पहिल्यांदाच त्या सीडी सलग ऐकल्या, आणि मग मला फोन केला. आवाजात तक्रार नव्हती. त्यांना एवढेच विचारायचे होते की मधल्या भागाची वेगळी सीडी केली आहे का. यंत्राजवळ उभा राहणारा तो तरुण त्यांचा मित्र होता. छापखान्यात शेजारच्या यंत्रावर काम करणारा. १९८३ मध्ये तो गेला. त्याचे छायाचित्र त्यांच्याजवळ होते. आवाज त्या खोक्यातच होता.

वेगळी सीडी नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, असू दे. त्या 'असू दे'ने मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही.

हळूहळू मला माझ्या कृतीतली विसंगती दिसू लागली. मामांच्या मैफलीच्या फितींत काय नव्हते? तानपुरा जुळवताना चाललेली कुजबुज होती, चहाच्या कपबश्यांचा आवाज होता, समेवर येणारी 'वाहवा' होती, एका फितीत तर रस्त्यावरच्या टांग्याची घंटाही होती. त्यातले एक अक्षर कुणी कापले असते तर मी भांडले असते. गवय्याने घेतलेली एखादी जागा आणि त्यावर पुढच्या रांगेतून उमटलेली दाद यांना वेगळे करायचे नसते, हे आम्हांला लहानपणीच कळलेले. मग क्वीन्समधल्या त्या कॅसेटींवर मी कात्री चालवली ती कशाच्या जोरावर? उत्तर लाजिरवाणे आहे. माझ्या संगीताचा श्रोता हा मैफलीचा भाग आणि त्यांच्या संगीताचा श्रोता हा गोंगाट, असे मी न कळत ठरवून टाकले होते. पाठचिकित्सेची विद्यार्थिनी म्हणून ज्याला 'प्रक्षिप्त' म्हणताना मी दहादा विचार केला असता, ते इथे मी एका कळीच्या दाबासरशी पुसले. गोंगाट हा ध्वनीचा गुणधर्म नसतो. ऐकणाऱ्याने दिलेला तो निकाल असतो.

निकाल किती चुकीचा होता याची उदाहरणे पुढे वाचनात येत गेली. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हा पंकचा पूर्वज मानला जाणारा बँड. २३ ऑगस्ट १९७० रोजी न्यू यॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या ठिकाणी लू रीड त्या पर्वात त्यांच्याबरोबर शेवटचे गायले. अँडी वॉरहॉल यांच्या वर्तुळातल्या ब्रिजिड बर्लिन यांनी ते आपल्या साध्या कॅसेट रेकॉर्डरवर मुद्रित केले, आणि १९७२ मध्ये तीच फीत रीतसर तबकडी म्हणून प्रसिद्ध झाली. त्या तबकडीवर दोन गाण्यांच्या मध्ये एक तरुण पेर्नो मागवताना ऐकू येतो. तो जिम कॅरोल, पुढे कवी आणि 'द बास्केटबॉल डायरीज'चा लेखक म्हणून ओळखला गेलेला. साहित्याच्या अभ्यासकाला त्या पेयाच्या मागणीत काय रस, असे कुणी विचारील. पण एक कवी, त्याची तहान, त्याच्यासमोरचा मंच आणि त्या मंचावरून निघून जाणारा दुसरा कवी हे सगळे एकाच खोलीत होते, ही गोष्ट कोणत्याही चरित्रग्रंथापेक्षा त्या काही सेकंदांत अधिक खरी वाटते.

दुसरे उदाहरण रॉबर्ट क्वाइन यांचे. १९६९ मध्ये या तरुणाने सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुइस इथे त्याच बँडचे कार्यक्रम श्रोत्यांत बसून मुद्रित केले. ती ध्वनिमुद्रणे २००१ मध्ये तीन सीडींच्या संचात बाहेर आली. मधल्या काळात क्वाइन स्वतः रिचर्ड हेल यांच्या व्हॉइडॉइड्स या बँडचे गिटारवादक झाले होते, आणि १९७७ च्या त्यांच्या वादनाला न्यू यॉर्कच्या पंकमध्ये मानाचे स्थान आहे. म्हणजे त्या फिती नुसत्या एका बँडच्या नाहीत. एक वादक घडत असताना तो काय ऐकत होता आणि किती लक्ष देऊन, याची ती दप्तरे आहेत. श्रोत्याची कॅसेट ही श्रवणाची कॅसेट असते. माणूस कुठे उभा होता, मंचापासून किती दूर, कुणाच्या शेजारी, हे त्या आवाजात कोरलेले असते. ध्वनिमिश्रकाच्या फळ्यावरून थेट घेतलेल्या शुद्ध मुद्रणात ते सापडायचे नाही.

साक्षीपुरावा म्हणूनही या फितींचे काम मोठे आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्तल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते मूठभर होते; पण त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःचे बँड काढले, आणि त्या संध्याकाळची कीर्ती एवढी वाढली की 'मी तिथे होतो' म्हणणाऱ्यांची संख्या सभागृहात मावेना. डेव्हिड नोलन यांनी या प्रकारावर एक सबंध पुस्तक लिहिले आहे. त्या कार्यक्रमाचे कुणा श्रोत्याने केलेले ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. त्यात कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली हे तर कळतेच, पण टाळ्या किती विरळ होत्या हेही कळते. आठवणी गर्दी करतात. फीत मोजकीच माणसे दाखवते.

आपल्याकडे यंत्रे नव्हती तेव्हा हे काम माणसांनी केले. तुकोबांच्या कीर्तनात साथीला उभे राहणाऱ्या संताजी जगनाडे यांच्या वह्या आपण जपतो. वि. ल. भाव्यांना त्यांच्या आधारे 'अस्सल गाथा' छापावासा वाटला, तो त्या वह्या ऐकणाऱ्याच्या हातच्या होत्या म्हणूनच. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन जमवल्या. आणि एकच लीळा दोघांनी निराळी सांगितली तर महानुभावांनी तो भेद 'वासना' म्हणून नोंदवून ठेवला, गाळून टाकला नाही. तेराव्या शतकातल्या त्या भावनेपुढे माझे २००४ सालचे सॉफ्टवेअर किती उद्धट होते, ते वेगळे सांगायला नको.

तर मग हे काम करावे कसे? ध्वनिसंग्रहांचे शास्त्र आता याविषयी बरेच एकमताने बोलते. पहिली प्रत अशी घ्यावी की जिच्यावर कोणताही संस्कार केलेला नाही: फीत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, मधल्या शांततेसह, कॅसेट उलटवण्याच्या खटक्यासह. ती २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ या मापाने, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात साठवावी. वाजवणाऱ्या यंत्राचे डोके प्रत्येक फितीच्या कोनाशी जुळवून घ्यावे, नाहीतर वरचे स्वर मावळतात. शुद्धीकरण करायचेच तर ते दुसऱ्या प्रतीवर करावे आणि काय केले ते लिहून ठेवावे. खोका, चिठ्ठी, पेन्सिलीची अक्षरे यांचीही छायाचित्रे घ्यावीत. आणि मूळ कॅसेट टाकू नये. उद्याचे यंत्र आजच्यापेक्षा चांगले वाचील.

विजेची जी घरघर मी पुसली तिचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता सेकंदाला ६० आवर्तने, ब्रिटनमध्ये ५०. क्लबातल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ती घरघर सतत झिरपत असते आणि फितीवर उतरते. रेकॉर्डरची बॅटरी उतरलेली असेल तर फीत मंद चालते. नंतर तीच योग्य गतीने वाजवली की सगळे स्वर चढतात. अशा वेळी ती घरघर ६० ऐवजी ६३ वर सापडली, तर ध्वनिमुद्रण जवळपास अर्ध्या स्वराने चढले आहे हे नेमके कळते आणि गती दुरुस्त करता येते. दोष म्हणून मी जे पुसले, ते त्या फितीतले एकमेव मोजमाप होते.

आता संस्थाही या कामात उतरल्या आहेत. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात डाउनटाउन संग्रह आहे. रिचर्ड हेल यांची कागदपत्रे तिथे आहेत, सीबीजीबीत चित्रित केलेल्या व्हिडिओफिती तिथे आहेत. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये आपल्या शहराच्या पंक संगीताचा संग्रह सुरू केला. शिकागोतल्या एका रसिकाने १९८४ पासून जमवलेली दहा हजारांच्या आसपास ध्वनिमुद्रणे स्वयंसेवकांनी गेल्या काही वर्षांत एकेक करून सार्वजनिक करायला घेतली. पण या फितींचा मोठा भाग अजूनही तळघरांत आणि माळ्यांवरच असणार, आणि त्या जमवणारी पिढी आता सत्तरीकडे किंवा सत्तरीपलीकडे गेली आहे.

दोन आक्षेप मात्र टाळता येत नाहीत. पहिला हक्काचा. फीत श्रोत्याची, पण गाणे आणि गायन कलावंताचे; १९९४ पासून अमेरिकी कायद्याने कलावंताच्या संमतीविना केलेल्या अशा मुद्रणाला आणि त्याच्या विक्रीला स्पष्ट मज्जाव केला आहे. जपणे आणि विकणे यांत फरक केला, आणि संग्रहालयात बसून ऐकण्याची मुभा ठेवली, तर या आक्षेपाला बरेचसे उत्तर मिळते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. त्या मधल्या जागेत बोलणाऱ्या माणसांना आपण मुद्रित होत आहोत हे ठाऊक नव्हते. कुणी प्रियकराविषयी बोलले असेल, कुणी नशेच्या गोळ्यांविषयी. ज्या बोलण्याचे मी गोडवे गात आहे ते चोरून ऐकलेले बोलणे आहे. याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. इतकेच म्हणता येईल की लगेच जगजाहीर न करता काही गोष्टी जपून ठेवता येतात. हस्तलिखितांच्या भांडारांना हा संयम जुना परिचित आहे. आणि 'पंक हे क्षणाचे संगीत, ते जपायचे कशाला?' असेही कुणी म्हणतात. तो क्षण ज्यांच्या बाजूला उभे राहून कुणी ऐकला, त्यांना एकदा हे विचारून पाहावे.

उरली ती तेविसावी कॅसेट. फेल्ट निखळलेली ती कॅसेट माझ्या पुस्तकांच्या खोक्यात चुकून राहिली आणि माझ्याबरोबर पुण्याला आली. २०१५ मध्ये ती मला सापडली. कॅसेटचे कवच चिकटवलेले होते, स्क्रूचे नव्हते. एका जाणकाराने ते धारदार पात्याने उघडून फीत दुसऱ्या कवचात बसवली. एकतीस मिनिटांचे मुद्रण निघाले. वरच्या चिठ्ठीवर काहीच नव्हते, बँड मला ओळखता येईना. पण तिसऱ्या गाण्यानंतर आवाज फुगत वर आला आणि एक माणूस दुसऱ्याला विचारू लागला, तुमच्या भागात दिवे कधी आले? न्यू यॉर्क शहर १३ जुलै १९७७ च्या रात्री अंधारात गेले होते आणि दुसऱ्या दिवशी उजेडात आले. म्हणजे ही फीत त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांतली. बावीस कॅसेटींतही अशी किती वाक्ये असतील, ज्यांवरून तारखा ठरल्या असत्या. तो पुरावा आता कुणालाच मिळणार नाही.

मुद्रण जसेच्या तसे मी घरमालकांना पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी धीर करून विचारले, तो त्यांचा आवाज आहे का? ते म्हणाले, नाही, हा तो नव्हे. हा बारच्या कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांची वाट अडवणारा एक लांबसडक माणूस, त्याचे नावही कधी कळले नाही. मग क्षणभर थांबून म्हणाले, पण दिव्यांचे उत्तर पुरे व्हायच्या आत मागे कुणीतरी हसते ना, ते पुन्हा एकदा ऐक.

मी ते अनेकदा ऐकले आहे. अर्ध्या सेकंदाचे हसू आहे, आणि लगेच ढोल सुरू होतो. ते कुणाचे आहे हे मला सांगता येणार नाही. त्यांनीही खात्रीने सांगितले नाही. मी त्याला हात लावलेला नाही.